कमठ्याची दोरी

मागच्या पावसाळ्यात एका छोट्या म्युझियममधे एक तीरकमठा बघितला, तेव्हापासून तो काही डोक्यातून जात नाहीये. काचेच्या कपाटात आडवा टांगलेला, बांबूचा, मुठीच्या जागी हात लागून लागून काळपट गुळगुळीत झालेला, आणि त्याला दोरी कसली तर निळ्या नायलॉनची, पार्सल बांधायला वापरतात ती. दोन्ही टोकांना गच्च निरगाठी, उरलेलं शेपूट लायटरने वितळवून त्याचा गोळा केलेला. खाली पाटीवर बांबू, लांबी, जिल्हा, बाणाचं फाळ लोखंडी आहे वगैरे सगळं व्यवस्थित लिहिलेलं, दोरीबद्दल मात्र एक अक्षर नाही. तिथल्या दादांना विचारलं की याची मूळची दोरी कुठंय, तर ते म्हणाले, "तुटली होती ताई, पार सुकून भुगा झालेला. मीच ही बांधली. दोरीशिवाय पोरांना नुसती काठी वाटते ना ती." आणि ती जुनी? "झाडताना गेली असंल." त्यांच्यावर चिडावं असं काही नव्हतंच, उलट त्या माणसाने आपल्या खिशातनं दोरी आणून त्या काठीला परत धनुष्य केलं होतं. पण घरी येईपर्यंत पोटात कालवत राहिलं. एक तर तो कमठा कायमचा चढवलेल्या अवस्थेत टांगलाय, म्हणजे बांबू वर्षानुवर्षं ताणात उभा आहे, त्यातली उसळी केव्हाच मेली असणार. आणि दुसरं म्हणजे ती दोरी कुणीतरी वळली होती, हाताने, आणि आता ती कशाची होती हेसुद्धा कुणाला कधी कळणार नाही.

दोरीच्या बाबतीत जगभर हेच झालंय.

इंग्लंडचं मेरी रोझ नावाचं लढाऊ जहाज १५४५ मधे बुडालं आणि १९८२ मधे समुद्रातून वर काढलं. त्यात १३७ अख्खी लाकडी धनुष्यं मिळाली, साडेतीन हजारांच्या वर बाण मिळाले, यू झाडाचं लाकूड तर इतकं चांगलं टिकलेलं की त्यावरनं त्या काळच्या धनुष्यांची ताकद मोजता आली. दोरी मात्र एकही हाती लागली नाही. ताग असो, जवसाचा धागा असो, चारशे वर्षं खाऱ्या पाण्याच्या तळाशी तो कुठला राहतोय. आल्प्सच्या बर्फात १९९१ मधे जो ओत्झी सापडला, पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्याकडचं धनुष्य अर्धवट तासलेलं होतं, दोरी चढवायच्या अवस्थेला पोचलंच नव्हतं, पण त्याच्या भात्यात एक वळलेली दोरी गुंडाळून ठेवलेली होती, जनावराच्या कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या तंतूंची, आणि ती त्या धनुष्याचीच असावी असं अभ्यासक म्हणतात. धनुष्याच्या जगातल्या सगळ्यात जुन्या दोऱ्यांत तिचा नंबर लागतो. मला त्या माणसाबद्दल हीच गोष्ट सगळ्यात जवळची वाटते, की लाकूड अजून कच्चं आहे, तासायचं बाकी आहे, पण दोरी वळून तयार आहे. संध्याकाळी शेकोटीपाशी बसून वळली असेल, हात मोकळे होते म्हणून.

मी स्वतः मानवेलीच्या बांबूचे कमठे बनवते, तो भरीव असतो म्हणून. हौस म्हणूनच. बांबू तासणं, दोन्ही अंगं सारखी वाकतायत का बघणं, याचं कौतुक सगळ्यांना असतं, घरी आलेला पाहुणा कमठा हातात घेतो, ओढून बघतो, फोटो काढतो. दोरीकडे कुणी बघत नाही. सुरुवातीला मी पण ऑनलाईन मागवलेला डॅक्रॉनचा धागा वापरायचे, म्हणजे पॉलिएस्टर, त्याचा एकेक धागा साधारण पन्नास पौंड ताण सोसतो. ढोबळ हिशोब असा की दोरी कमठ्याच्या ओढीच्या, म्हणजे तो पूर्ण ओढायला लागणाऱ्या जोराच्या, निदान चौपट तरी ताकदीची पाहिजे, कारण बाण सुटला की शेवटच्या क्षणी दोरी झटक्यात सरळ होते आणि दोन्ही टोकांना तीच एकटी अडवते, त्या क्षणाचा ताण ओढताना असतो त्याच्या कितीतरी जास्त असतो. म्हणजे चाळीस पौंडाच्या कमठ्याला कागदावर चार धागे पुरतात. पण चार धाग्यांची दोरी बोटं कापते आणि बाणाच्या खाचेत बसत नाही, म्हणून बारा घ्यायचे. त्याहून जाड केली तर दोरीचं वजन बाणाचा वेग खातं. स्पर्धेवाले वापरतात ते नवीन धागे याहून बारीक आणि याहून दणकट, पण ते जवळजवळ ताणलेच जात नाहीत, त्यामुळे सगळा झटका लाकडाच्या टोकाला बसतो आणि खाच चिरते, टोकं मजबूत केलेली नसतील तर लाकडाला ते लावूच नयेत. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मधे बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाली ते कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य वेगळंच प्रकरण, त्याची दोरी सहसा उतरवतच नाहीत, बदलायची तर धनुष्य दाबून धरणारं यंत्र लागतं. लाकडाच्या कमठ्याची दोरी रोज चढते, रोज उतरते.

तर डॅक्रॉनने काम भागत होतं. पण धाग्याचं रीळ संपलं, नवीन यायला वेळ लागणार होता, आणि त्या मोकळ्या वेळात मला आप्पा आठवले.

माझं आजोळ माण तालुक्यातलं. बांधाबांधावर केकताड, घायपात म्हणा, दुसरं काही उगवायचंच नाही. पोळ्याच्या आधी आजोबांकडे आप्पा यायचे, मातंग वस्तीवरचे, नवी दावी, कासरे, शिंकी, सगळं तेच वळायचे, नुसतं आमचं नाही, अख्ख्या गावाचं. केकताडाची पानं ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली कुजत घातलेली असायची आणि त्याचा वास असा काही यायचा की बायका त्या वाटेने पाणी आणायला जायच्या नाहीत. कुजलेलं पान दगडावर बडवायचं, धुवायचं, की आतनं वाख निघायचा, पांढरा, उन्हात टाकला की चमकायचा. मी तिथे उकिडवी बसून बघत बसायचे. मांडीवर वाख ठेवून तळहाताने पुढे ढकलला की पीळ बसायचा, दोन पेड झाले की ते दोन्ही एकमेकांवर उलट्या बाजूने पडू द्यायचे. "पेड एकीकडं, दोरी दुसरीकडं. मग कुनी सोडवून दाखवावी," असं म्हणायचे आप्पा. गावातली त्यांच्या निम्म्या वयाची पोरंही त्यांना एकेरी हाक मारायची, आणि पाणी मागितलं की वरनं ओंजळीत ओतायची, हे मी बघितलंय. मी लहान होते, आप्पा म्हणायचे, आजी त्यावरनं एकदा रागावली होती. ज्या दोरावर गावाची मोट चालली, ज्या दाव्याला गावाची सगळी जनावरं बांधली, तो वळणाऱ्याला गावाने वेशीच्या बाहेर ठेवलं. आता मी बाल्कनीत बसून हौसेने दोरी वळते, लोक कौतुक करतात, हॅंडमेड म्हणतात. त्या कौतुकात मला दरवेळी अवघडायला होतं, आणि ते अवघडणं जाऊ नये असंही वाटतं.

तो पीळ अजून हाताला आठवत होता, एवढं मात्र खरं. दोन पेड घ्यायचे, डाव्या हाताच्या चिमटीत धरायचे, वरचा पेड अंगठा आणि बोटात धरून स्वतःपासून लांब फिरवायचा, घट्ट, आणि मग तो खालच्या पेडावरनं आपल्याकडे आणायचा. आता खालचा वर आला, त्याला लांब फिरवायचा, आपल्याकडे आणायचा. बस एवढंच, कमठ्याची उंची होईपर्यंत. प्रत्येक पेड उलगडायला बघतो आणि त्या उलगडण्यानेच दोघं एकमेकांना आणखी आवळतात, गाठ मारावी लागत नाही. टोकाला डोळा करायचा, म्हणजे कमठ्याच्या खाचेत बसणारा फासा, तर दोन इंच आधी वळून घ्यायचं, ते दुमडायचं आणि सुटी टोकं मूळ पेडात एकेक मिसळून पुढे वळत जायचं. इथे टोकं एकाच ठिकाणी कापलेली असली की तिथे जाड गाठोडं होतं आणि त्याच्या पुढे दोरी एकदम बारीक पडते, आणि तुटायची ती नेमकी तिथेच. म्हणून प्रत्येक टोक कमीजास्त लांबीचं, निमुळतं. नवीन तंतू जोडताना पण तेच, आजूबाजूच्या दोन जोडण्या कधी समोरासमोर येऊ द्यायच्या नाहीत. मग मेण. मधाच्या पोळ्याचं मेण असेल तर उत्तम, दोरीवर घासायचं आणि चामड्याच्या तुकड्यात धरून दोरी जोरात चोळायची, हात पोळेपर्यंत, मेण आतपर्यंत वितळतं आणि खोलीत मधाचा वास सुटतो.

दुसऱ्या टोकाला मी डोळा करत नाही, गाठ घालते. दोरी कमठ्याच्या खालच्या टोकाभोवती फिरवून आणायची, स्वतःच्याच अंगावरून एकदा आत घ्यायची आणि उरलेलं शेपूट त्याच वेढ्याला तीनचार पिळे देऊन गुंडाळायचं. बांधलेली वाटतच नाही ती, पण ताण आला की जीव खाऊन धरते, आणि ताण गेला की एका बोटाने सुटते. याचा फायदा असा की साधी झाडपाल्याची दोरी पहिल्या काही दिवसांत ताणली जाते, तेव्हा गाठ दोन बोटं सरकवली की झालं. म्युझियममधल्या त्या निरगाठी आठवल्या की वाटतं, त्या दादांना ही गाठ दाखवायला हवी होती, पाच मिनिटांचं काम होतं, आणि रात्री कपाट बंद करताना कमठा उतरवून ठेवता आला असता. नंतर मी त्यांना लिहिलंय, की बांबू उतरवा, दोरी बाजूला टांगा, आणि पाटीवर तिच्याबद्दल एक ओळ टाका. दोरी मी करून देते म्हणून पण लिहिलंय, पण ती नवीन आहे हे स्पष्ट लिहा, जुनी म्हणून खपवू नका.

दोरी कशाची करायची याचं उत्तर आपल्याकडे लेखी आहे, हे मला फार नंतर कळलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात दोऱ्यांची यादीच दिलीय, मूर्वा, रुई, ताग, गवेधु नावाचं गवत, बांबू आणि स्नायू, म्हणजे जनावराच्या कंडरा. मूर्वा म्हणजे नेमकी कुठली वनस्पती यावर वैद्यांचं आजही एकमत नाही, पण तिच्यासाठी जी नावं घेतात त्यातलं एक म्हणजे घाणसफणीच्या जातीतलं झाड, आणि त्याचंच भाऊबंद म्हणजे तुमच्याआमच्या फ्लॅटच्या दारात कुंडीत लावलेलं स्नेक प्लांट. हवा शुद्ध करतं म्हणून आणलेलं. इंग्रजीत या झाडांना धनुष्याच्या दोरीचा ताग म्हणतात. मी आमच्या सोसायटीच्या माळीकाकांना विचारून कडेची म्हातारी पानं घेतली, पाटावर आडवी ठेवून सुरीच्या बोथट बाजूने खरवडली, हिरवा चिकट गर निघून जातो आणि खाली पानाच्या लांबीचे तंतू उरतात, केसाहून थोडे जाड, ओले असताना काचेच्या तारेसारखे. धुवून सावलीत वाळवले. त्याची वळलेली दोरी पंचवीस पौंडाच्या कमठ्यावर अजून चालू आहे, तिला फक्त तीक्ष्ण वळण सोसत नाही, म्हणून डोळा जरा मोठा ठेवायचा आणि खाच गोल घासून घ्यायची.

पण मन बसलं ते रुईवर. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो ती रुई, कुठल्याही पडीक जागेत उभी. तिच्या सरळ वाढलेल्या फांद्या कापायच्या, डोळे सांभाळून, चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, हातमोजे घालूनच. पंधरवडाभर वाळू द्यायच्या, मग हलक्या हाताने ठेचायच्या, आतली काडी मोडून पडते आणि सालीच्या आत जे पांढरं रेशीम असतं ते बोटांनी ओढून काढायचं. खरंच रेशमासारखं लागतं हाताला, आणि दोन हातात धरून तोडायला गेलं तर बोटं कापतील पण तंतू सहज तुटत नाही. एका काडीतनं चिमूटभर निघतं. एका दोरीसाठी ओंजळभर लागतं, म्हणजे कित्येक संध्याकाळी. केकताडाचा वाख याच्यापुढे राठ वाटतो, ताग जाड.

यादीतला बांबू मात्र मला कळत नव्हता. बांबूची दोरी कशी वळणार? नंदुरबारकडे धडगावच्या पुढे एका पाड्यावर गेले तेव्हा समोरच दिसलं, वळायचीच नसते. भिल्ल आणि पावरा लोकांच्या कमठ्याला दोरीच्या जागी बांबूच्या सालीची सरळ चीप असते, वरच्या हिरव्या टणक भागाची, करंगळीच्या नखाएवढी रुंद, आणि तिच्या टोकांना दोऱ्याचे घट्ट फासे. तिथल्या एका आजोबांनी विळ्याने चीप काढली, गुडघ्यावर चामडं टाकून त्यावर ती ओढत ओढत खरवडली, पेरांचे उंचवटे घालवले, आणि दर थोड्या वेळाने वाकवून कानाशी नेऊन ऐकायचे. कशासाठी विचारलं तर म्हणाले, "आत चीर असली तर बोलते ना ती." पावसात ती चीप ढिली होत नाही, ताणली जात नाही. अर्थशास्त्रातला तो एक शब्द त्या अंगणात होळीच्या तयारीसाठी चालूच होता, कुणी जपून वगैरे ठेवलेला नव्हता, लागतो म्हणून करत होते. शिकार तर कायद्याने कधीच बंद झालीय, पण होळीला आणि लग्नात कमठा लागतो, आणि कमठा म्हटला की वर्षा दोन वर्षांनी नवी चीप आलीच.

दोरी चढवणं ही वेगळी गोष्ट आहे. शिवधनुष्य पेललं असं आपण सहज म्हणतो, जणू काम नुसतं उचलण्याचं होतं. सीतेच्या आणि द्रौपदीच्या दोन्ही स्वयंवरांत दोरी चढवणं हा परीक्षेचा भाग आहे, द्रौपदीच्या वेळी तर मोठमोठे राजे तिथेच हरले. घरी करून बघा, कमठ्याचं खालचं टोक डाव्या घोट्यापुढे अडकवायचं, उजवा पाय कमठा आणि दोरीच्या मधनं टाकायचा, मांडीमागून बांबू वाकवत डोळा वर सरकवायचा, आणि तो खाचेत टक्कन बसला की बोटाने टिचकी मारायची. वीत नाही भरत, मूठ आवळून अंगठा उभा केला की जेवढं अंतर तेवढं दोरी आणि कमठ्याच्या मधे हवं. कमी असेल तर सुटताना मनगटावर सटका बसतो, काळंनिळं होतं. जास्त असेल तर बांबू उगाच दमतो. कमी पडलं तर दोरी उतरवून पिळाच्या दिशेने पाचसात वेढे आणखी द्यायचे, दोरी आखडते आणि अंतर वाढतं. रोज चढवणाऱ्याला मोजावं लागत नाही, टिचकीच्या आवाजावर कळतं. ऋग्वेदात सहाव्या मंडलात एक ऋचा आहे, ताणलेली दोरी कानाजवळ येते, जणू काही सांगायचंय तिला, लाडक्या सख्याला मिठी मारलीय आणि ती कुजबुजतेय. सखा म्हणजे बाण. ज्याने ती रचली त्याने दोरी कानापर्यंत ओढलेली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि दोरी तुटते तेव्हा काय होतं तेही जुन्या लोकांना पक्कं माहीत होतं. शतपथ ब्राह्मणात गोष्ट आहे, विष्णू चढवलेल्या धनुष्यावर डोकं टेकवून उभा आहे, कुणाची जवळ जायची हिंमत नाही, तेव्हा वाळवी जाऊन दोरी कुरतडते, धनुष्याची टोकं फाडकन उलटतात आणि विष्णूचं डोकं उडतं. ही गोष्ट वाचली तेव्हा अंगावर काटा आला, कारण त्यातली भीती खरी आहे. ताणातल्या कमठ्याची दोरी गेली की सगळा जोर लाकडावरच उलटतो, बांबू उभा चिरतो, टोक चेहऱ्यापर्यंत येऊ शकतं. म्हणून चढवायच्या आधी मी दरवेळी दोरी उजेडात धरून दोन बोटांमधनं पूर्ण ओढून घेते. एखादा तंतू उसवलेला हाताला लागला, डोळ्यापाशी मेण जाऊन राठ झालं असेल, तर ती दोरी त्या दिवशी संपली. वाईट वाटतं, कित्येक संध्याकाळी असतात तिच्यात, तरी कापते. न कापता ठेवली तर कुणीतरी उचलून चढवेल. बांबू तोच राहतो आणि त्याच्यावर एकामागून एक दोऱ्या येऊन जातात, त्यातली एकही कपाटात ठेवण्यालायक राहत नाही.

आत्ता माझ्या रोजच्या कमठ्यावर रुईची दोरी आहे, दिवाळीत वळलेली, मधे जिथे बोटं आणि बाण लागतात तिथे सुती दोरा आवळून गुंडाळलेला. उन्हाळाभर ती निघेल असं दिसतंय, पावसाळ्याआधी दुसरी तयार पाहिजे. अडचण अशी की आमच्या इथे कॅनॉलच्या कडेला रुईची जी रांग होती ती रस्ता रुंद करताना जेसीबीने साफ केली, आणि बाकी आहे ती वाकडीतिकडी, फांद्या फुटलेली, तिचे तंतू वीतभर सुद्धा सलग निघत नाहीत. मला हातभर लांब, सरळ, अंगठ्याएवढ्या जाड काड्या हव्यात, फुलं येऊन गेलेल्या. पुण्यापासून तासादोन तासाच्या अंतरात कुणाच्या शेताच्या बांधावर असल्या तर सांगा, मालकाला विचारून, मुळं न दुखवता कापून नेईन, आणि ज्यांना वळायला शिकायचंय त्यांनी त्या दिवशी सोबत यावं.